बोर्डात न्यूजग्रुप बसवले, आणि एका टिंबाने घोळ घातला

गेल्या सत्रात टीई कॉम्प्युटरची तीन मुलं माझ्याकडे आली. हातात एक जुनी सीडी, आणि सीडीवर मार्करने माझंच अक्षर : "बोर्ड – फायनल – खरंच फायनल". बी ब्लॉकच्या कॉमन रूममधल्या कपाटात कॅरमच्या सोंगट्यांखाली सापडली म्हणे.

"सर, हे हॉस्टेलच्या लॅनवर पुन्हा चालू करायचंय. बाकी सगळं चालतं. फक्त मेनूत 'न्यूज' घेतलं की प्रोग्राम अडकून बसतो."

अडकणारच. तो ज्या मशीनशी बोलायला बघतोय ते मशीन भंगारात जाऊन कैक वर्षं झाली. मी म्हटलं, थांबा, कसं बसवलं होतं ते लिहूनच देतो. ही गोष्ट संपादक मंडळाच्या कानावर गेली आणि "सर, मग मॅगझिनलाच द्या की" असा आग्रह झाला. म्हणून हा लेख. सिव्हिल-मेकॅनिकलच्या मंडळींनी पान उलटू नये. सॉकेट म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी चालेल. फोनवर बोलता येत असलं की पुरे.

बोर्ड

मी इथे विद्यार्थी होतो त्या काळात, २००३ साली, हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून लॅनची केबल फिरली होती (खिडकीतून, पाइपावरून, रेक्टरसरांच्या नजरेआडून), पण इंटरनेट मात्र नव्हतं. ते फक्त कॉम्प्युटर सेंटरमध्ये, ६४ केबीपीएसच्या लाईनवर, रजिस्टरमध्ये सही करून मिळणारा अर्धा तास. त्यात मेलचं पान उघडेपर्यंत पुढचा मुलगा खुर्चीमागे येऊन उभा राहायचा. म्हणून हॉस्टेलच्या हॉस्टेलमध्ये चालेल असा बुलेटिन बोर्डाचा प्रोग्राम मी सी मध्ये लिहिला. कल्पना अर्थातच माझी नव्हे. शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला असा बोर्ड सुरू केला होता. मोडेमवरून फोन लावायचा, संदेश वाचायचे, आपला लिहायचा, फोन ठेवायचा. एका वेळी एकच माणूस. आमच्याकडे फोनऐवजी टेलनेट आणि एका वेळी वीसेक जण, एवढाच फरक.

आतली रचना अगदी बाळबोध. 'मेस', 'सबमिशन', 'खरेदी-विक्री', 'क्रिकेट' असे बोर्ड. प्रत्येक बोर्ड म्हणजे एक डिरेक्टरी, प्रत्येक संदेश म्हणजे एक फाईल, आणि फाईलचं नाव म्हणजे क्रमांक : १, २, ३... कोणी कुठपर्यंत वाचलंय तेही एका क्रमांकात. २१४ला उत्तर दिलं तर नव्या फाईलच्या पहिल्या ओळीत '२१४' लिहायचं. मेस बोर्डाचा २१४ म्हणजे कायम तोच संदेश. क्रमांक हीच ओळख. हे इतकं सरळ वाटत होतं की यात काही गृहीत धरलंय असं मला सुचलंसुद्धा नाही.

न्यूजग्रुप

आता दुसरी बाजू. १९७९ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी युनिक्स मशीनांनी एकमेकांना फोन लावून संदेश द्यायचे-घ्यायचे अशी योजना आखली. शेजारच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिचा पहिला प्रोग्राम शेल स्क्रिप्टमध्ये लिहिला. हेच यूजनेट. यात मध्यवर्ती मशीन नाहीच. प्रत्येक ठिकाणच्या सर्व्हरवर प्रत्येक संदेशाची प्रत असते. शेजाऱ्याकडे नसेल तर तो तुमच्याकडून घेतो, मग त्याचा शेजारी त्याच्याकडून. गावात बातमी पसरते तसंच. आपल्याकडेही १९८७च्या सुमारास मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात मेल सुरू झाली ती अशीच, फोनवरून फाईली ढकलणाऱ्या यूयूसीपीने.

संदेश विषयवार गटांत. 'कॉम्प.लँग.सी'मध्ये सी भाषा. 'कॉम्प.ओएस.मिनिक्स'मध्ये २५ ऑगस्ट १९९१ला लिनस टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय असं कळवलं होतं. आणि 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी'सुद्धा होता, तिथे परदेशातली आणि इथली मंडळी रोमन अक्षरांत मराठी लिहायची. तो गट आमच्या बोर्डावर आला तेव्हा इलेक्ट्रिकलचे दोघे ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि अर्धा मजला गोळा व्हायचा. 'कढी' आहे की 'कधी' आहे यावरून भांडणं.

कॉम्प्युटर सेंटरच्या एका लिनक्स मशीनवर लीफनोड नावाचा छोटा न्यूज सर्व्हर होता. तो हुशार होता. जो गट कोणी उघडेल त्याचेच संदेश रात्री वरच्या सर्व्हरकडून आणायचा, आणि बरेच दिवस कोणी वाचला नाही की आणणं बंद. म्हणजे रात्री लाईन रिकामी असताना माल येणार आणि दिवसा आम्ही खोलीत बसून लॅनवर वाचणार. मी सेंटरच्या सरांकडे परवानगी मागायला गेलो.

"वाचा. पण लिहिणं बंद. उद्या कोणीतरी परीक्षा विभागाला शिव्या घालेल, आणि खाली नाव आपल्या कॉलेजचं."

मान्य केलं. नाहीतरी मला आधी वाचणंच जमवायचं होतं.

हाताने बोलून बघा

न्यूज सर्व्हरशी बोलायची पद्धत म्हणजे एनएनटीपी. ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी ती फेब्रुवारी १९८६ मध्ये आरएफसी ९७७ म्हणून लिहिली. कोड लिहायच्या आधी टेलनेटने ११९ क्रमांकाच्या पोर्टला जोडून हाताने बोलून बघावं, हे माझं आजही प्रत्येक बॅचला सांगणं असतं. त्या दिवशीचं ट्रायल आठवतं. जोडल्याबरोबर सर्व्हर म्हणतो २०१, म्हणजे 'या, पण लिहायची परवानगी नाही' (२०० असेल तर लिहायचीही आहे). मग 'ग्रुप' ही आज्ञा आणि पुढे गटाचं नाव. उत्तर येतं २११ आणि तीन आकडे : अंदाजे किती संदेश, सर्वांत जुन्याचा क्रमांक, सर्वांत नव्याचा क्रमांक. गट नसेल तर ४११. 'बॉडी' आणि क्रमांक दिला की २२२ येऊन खाली मजकूर. तो क्रमांक नसेल तर ४२३. 'क्विट' म्हटलं की २०५, राम राम.

उत्तराचा पहिला अंक ढोबळ अर्थ सांगतो. २ म्हणजे झालं, ३ म्हणजे पुढचं बोला, ४ म्हणजे आज्ञा बरोबर पण जमलं नाही, ५ म्हणजे समजलंच नाही. मी नेमकी इथेच आळशी चूक केली : पहिला अंक २ आहे ना, मग झालं, पुढे चला. बाकीचे दोन अंक वाचलेच नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'अंदाजे' या शब्दाकडेही बघा. जुने संदेश सर्व्हर काढून टाकतो, मधले काही रद्द होतात, म्हणून ३००० ते ३४०० म्हटलं तरी आत चारशे एक संदेश असतीलच असं नाही. मध्ये भोकं असतात. माझ्या बोर्डात भोक ही कल्पनाच नव्हती. 'पुढचा' म्हणजे अधिक एक. पहिल्याच भोकाला प्रोग्रामने "बोर्ड संपला" असं जाहीर केलं.

पहिला प्रयत्न, जो फेकून दिला

सोपी वाट अशी दिसली की रात्री सगळे संदेश ओढायचे आणि आपल्याच डिरेक्टरीत फाईली करून ठेवायच्या. मूळ प्रोग्रामला हातच लावायचा नाही. एका रविवारी लिहूनही झालं. आठवड्याभरात तीन गोष्टी घडल्या. एक, डिस्क भरली. सर्व्हर जुनं काढत होता, मी सांभाळत बसलो होतो. दोन, एकच संदेश दोन-तीन गटांत टाकलेला असला की आमच्याकडे त्याच्या दोन-तीन प्रती. आणि तीन, मी नवे क्रमांक दिल्यामुळे कोण कोणाला उत्तर देतंय हा धागाच तुटला. न्यूजमध्ये उत्तराच्या माथ्यावर 'रेफरन्सेस' नावाची ओळ असते आणि तिच्यात आधीच्या संदेशांचे मेसेज-आयडी असतात. ते मी "लांबलचक कचरा" म्हणून कापून टाकले होते!

मेसेज-आयडी म्हणजे कोनी कंसातलं ते लांब नाव, मध्ये ॲटचं चिन्ह. तो संदेश जन्मतो तेव्हाच त्याला मिळतो आणि जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर तोच राहतो. सर्व्हरचा क्रमांक मात्र फक्त त्या सर्व्हरचा. आपल्या ३४२०ला दुसऱ्या कॉलेजच्या सर्व्हरवर ८११ म्हणत असतील. मेसेज-आयडी हे माणसाचं नाव, आणि क्रमांक म्हणजे तो सध्या राहतो ती हॉस्टेलची खोली. पुढच्या वर्षी त्या खोलीत दुसराच कोणी असतो. माझ्या बोर्डाला आयुष्यभर एकच हॉस्टेल ठाऊक, म्हणून त्याने खोलीलाच माणूस मानलं होतं. न्यूज वाचन बसवण्याचं निम्मं काम म्हणजे हा समज प्रोग्राममधून उपटून काढणं. उरलेलं निम्मं टायपिंग.

मध्ये एक भिंत

दुसऱ्या वेळी शिस्तीत बसलो. प्रोग्रामभर जिथे जिथे फाईल थेट उघडली होती ती ठिकाणं शोधली. चौतीस निघाली. त्या सगळ्यांच्या जागी पाच कामांची एक यादी केली : बोर्ड उघड; पहिला आणि शेवटचा कोणता ते सांग; शीर्षकांची यादी दे; एका संदेशाचा मजकूर दे; नवा संदेश ठेव. सी मध्ये हे फंक्शन पॉइंटरांचं स्ट्रक्चर होतं. आपल्या बोर्डांसाठी त्या पाच जागी जुनी फाईलवाली फंक्शनं, न्यूजगटांसाठी सर्व्हरशी बोलणारी. स्क्रीन रंगवणाऱ्या भागाला समोर मेस बोर्ड आहे की 'कॉम्प.लँग.सी' हे कळायचं कारणच नाही.

या भिंतीला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत दाखवण्यासारखं काहीच झालं नाही. रूम पार्टनर रोज विचारायचा, "आलं का न्यूज?" नाही. पण नंतर न्यूजची बाजू दोन रात्रींत उभी राहिली. शीर्षकांसाठी एकेक संदेश मागवायचा नाही. 'एक्सओव्हर' आज्ञेला क्रमांकांचा पट्टा दिला की प्रत्येक संदेशाची एक ओळ येते : क्रमांक, विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, आकार, मध्ये टॅब. भोकं आपोआप गळतात, कारण नसलेल्या संदेशाची ओळच येत नाही. 'पुढचा' म्हणजे यादीतली पुढची ओळ, अधिक एक नव्हे.

भिंतीतून एक गोष्ट मात्र निसटली. उत्तर देण्याचा कोड मी बदललाच नव्हता. न्यूज वाचताना कोणी 'आर' दाबला की तो "बोर्डातल्या संदेशाला उत्तर" म्हणून फाईल करायचा. मुक्काम पोस्ट कुठला? तर आठवणीत असलेला शेवटचा स्वतःचा बोर्ड. एका बीईवाल्याने अमेरिकेतल्या कोणाला तरी फणकाऱ्याने लिहिलं, "हा काय प्रश्न आहे? आधी एफएक्यू वाचून ये." ते जाऊन बसलं मेस बोर्डावर, मेस सेक्रेटरीच्या "या महिन्यापासून बिलात वाढ" या सूचनेखाली. मेस सेक्रेटरी मेकॅनिकलचा, कुस्तीगीर. पुढचं सांगत नाही.

"नवीन काही नाही"

कोणी कुठपर्यंत वाचलं ते न्यूजसाठीही मी एकाच क्रमांकात ठेवलं. जाणकार म्हणतील की खरे न्यूज वाचक प्रोग्राम १-३४२०, ३४२५ असे पट्टे ठेवतात. बरोबर आहे, पण आमच्या पोरांना तेवढं पुरे होतं आणि अजूनही मला ते पुरेसं वाटतं. चूक वेगळी होती.

दिवाळीच्या सुट्टीत सेंटरच्या मशीनची डिस्क बदलली आणि लीफनोड पुन्हा बसवला. क्रमांक पुन्हा १ पासून. आमच्या नोंदीत प्रत्येकाचं ३४००, २९००, असं काही. प्रोग्रामने हिशेब केला : सर्व्हरचा शेवटचा १२०, तुम्ही वाचलंय ३४०० पर्यंत, म्हणजे नवीन काही नाही. तीन आठवडे सगळ्या हॉस्टेलला रोज "नवीन काही नाही". आणि एकाचीही तक्रार नाही! प्रोग्राम कोसळला असता तर दहा मिनिटांत दारावर थाप पडली असती. हा शांतपणे खोटं बोलत होता, आणि लोकांना वाटलं की न्यूजग्रुपवर हल्ली कोणी लिहीत नाही.

दुरुस्ती अशी. शेवटच्या वाचलेल्या क्रमांकाबरोबर त्याचा मेसेज-आयडीही ठेवायचा. गट उघडताना 'स्टॅट' आज्ञेने तो क्रमांक विचारायचा. उत्तरात २२३, क्रमांक आणि मेसेज-आयडी येतो. जुळला तर ठीक. वेगळा आला तर खोलीत दुसरा माणूस राहायला आलाय, खूण पुसा आणि पहिल्यापासून दाखवा. ४२३ आलं तर संदेश जुना होऊन निघून गेला असेल, मग पहिला-शेवटचा आकडा बघून ठरवा. शेवटचा आपल्या खुणेच्याही मागे असेल तर नक्कीच क्रमांक बदललेत. जाता जाता, क्रमांक मी 'अनसाइन्ड शॉर्ट'मध्ये ठेवला होता. ६५,५३५ नंतर काय होतं ते गजबजलेल्या गटाने लवकरच शिकवलं.

टिंब

आता ज्यासाठी हा लेख खरा लिहायला घेतला ते.

माझ्या मजल्यावर टीईचा एक मुलगा होता. मराठी माध्यमातून आलेला, अबोल, कामाला चोख. त्याचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे डिपार्टमेंटच्या लॅनवर मेल पाठवणारा प्रोग्राम. त्यात एक अडचण : मेलचा मजकूर पाठवून झाला की सर्व्हर गप्प. "मिळालं" असं उत्तरच येईना. दोन दिवस इंग्रजी जुळवून, मला एकदा तपासायला देऊन, त्याने सायबर कॅफेतून वेबवरून एका न्यूजगटात प्रश्न टाकला. त्या काळी हॉस्टेलमधल्या पोराने जगासमोर इंग्रजीत प्रश्न विचारायचा ही लहान गोष्ट नव्हती. मग रोज रात्री तो आमच्या बोर्डावर उत्तर आलं का बघायचा.

चौथ्या दिवशी आलं. कोणा भल्या माणसाने स्वतः मेल सर्व्हरशी टेलनेटने बोलून ते सगळं संभाषण जसंच्या तसं चिकटवलं होतं. पोरगा माझ्याकडे आला.

"दादा, यांनी सुरुवात चांगली केलीय, पण मध्येच सोडून दिलंय. मजकुराच्या ओळीपर्यंतच आहे."

मी वाचलं. खरंच मध्येच थांबलेलं. "कंटाळला असेल," मी म्हणालो. "लोक असेच असतात." हे वाक्य मला अजून टोचतं.

काय झालं होतं ते बघा. मजकूर कुठे संपला हे कळवायला एनएनटीपी सर्व्हर शेवटी एक ओळ पाठवतो, जिच्यात फक्त एक टिंब असतं. मग मजकुरातच कोणी एकट्या टिंबाची ओळ लिहिली तर? त्याचीही सोय आहे : मजकुरातली जी ओळ टिंबाने सुरू होते तिच्या पुढे सर्व्हर आणखी एक टिंब जोडतो, आणि वाचणाऱ्याने ते काढून टाकायचं. ही पद्धत एनएनटीपीने मेलच्या एसएमटीपीकडून घेतलीय. तिथे जॉन पोस्टेल यांच्या ऑगस्ट १९८२च्या आरएफसी ८२१ मध्ये ती आहे. मी काय लिहिलं होतं? ओळीचं पहिलं अक्षर टिंब असेल तर थांब. बस्स. एकटंच टिंब आहे की पुढे आणखी काही आहे हे बघितलंच नाही.

त्या भल्या माणसाच्या संभाषणात मेल संपवणारं एकटं टिंब होतं, तेच तर उत्तर होतं! सर्व्हरने त्याची दोन टिंबं करून पाठवली. माझा प्रोग्राम पहिल्यावर थांबला.

बरं, थांबला तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. उरलेला मजकूर गेला कुठे? तो पाइपात तुंबून राहिला. मुलाने पुढचा संदेश उघडला. प्रोग्रामने 'बॉडी' आज्ञा पाठवली आणि उत्तराची पहिली ओळ वाचली. ती होती तुंबलेल्या मजकुराची पुढची ओळ, म्हणजे संभाषणातलं मेल सर्व्हरचं "२५०, स्वीकारलं". पहिला अंक २. माझा आळशी कोड म्हणाला, झालं, पुढे चला! आणि अर्ध्या राहिलेल्या उत्तराचा उरलेला भाग पुढच्या संदेशाच्या शीर्षकाखाली दाखवला. त्यानंतर जोडणी तुटेपर्यंत प्रत्येक शीर्षकाखाली त्याच्या आधीच्या संदेशाचा मजकूर. कोणी कोणी म्हणालेही होते की "विषय एक आणि आत दुसरंच असतं." मी ऐटीत सांगितलं की न्यूजग्रुपवर लोक विषय सोडून बोलतात, तुम्हाला सवय नाही.

उरलेल्या भागात होतं : तुझ्या ओळी लाईन फीडने संपतात, टिंबाच्या आधी आणि नंतर कॅरेज रिटर्न आणि लाईन फीड दोन्ही पाहिजेत, नाहीतर सर्व्हरला ते टिंब मजकुरातलंच वाटतं आणि तो आणखी मजकुराची वाट बघत बसतो. चार ओळी. त्या पोराच्या एका कीवर होत्या, पण कुठल्याशा सेकंडहँड मोडेमच्या जाहिरातीच्या शीर्षकाखाली, म्हणून त्याने त्या उघडल्यावर लगेच मागे फिरवलं.

ओरलला त्याने प्रोजेक्ट तसाच नेला. एक्स्टर्नलनी विचारलं, "मेल पोचली हे तुमच्या प्रोग्रामला कसं कळतं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पास झाला, पण ज्या कामाला दोन महिने घातले त्याचं चीज झालं नाही. मला बग सापडला तो त्यानंतर दहा दिवसांनी, दुसऱ्याच कोणाचा 'एड' एडिटरवरचा संदेश वाचताना. त्यातही एकटं टिंब असतं. मी त्याला त्याच रात्री जाऊन सांगितलं, पूर्ण उत्तर प्रिंट काढून दिलं. त्याने ते दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांनी पूर्ण लिहिलं होतं," एवढंच म्हणाला. मग सायबर कॅफेत जाऊन त्या माणसाला धन्यवाद लिहून आला.

दुरुस्ती दोन ओळींची. ओळीत फक्त टिंब असेल तर थांब; टिंबाने सुरू होऊन पुढे काही असेल तर पहिलं टिंब काढ आणि चालू राहा. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी केल्या, आणि त्या जास्त महत्त्वाच्या. पहिली, उत्तराचे तिन्ही अंक बघायचे; 'बॉडी'ला २२२च आलं पाहिजे, २५० नव्हे. दुसरी, २२२ बरोबर मेसेज-आयडीही येतो, तो यादीतल्या मेसेज-आयडीशी ताडायचा. क्रमांकाने मागा, पण नावाने ओळख पटवून घ्या. जुळला नाही तर जोडणी तोडा आणि वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर टिंबाची चूक पहिल्याच तासात उघडी पडली असती. तिसरी, ओळीने ओळ वाचायची. टीसीपी तुम्हाला ओळी देत नाही, बाइट देतो. शेवटचं टिंब एका पाकिटात आणि त्यानंतरचं लाईन फीड पुढच्या पाकिटात, असं सहज होतं. म्हणून आलेल्या बफरमध्ये शेवटची खूण शोधणारा कोड लॅबमध्ये चालतो आणि लाईन संथ असली की अडकतो.

लिहिणं, आणि आजचं

सरांनी पुढे फक्त फायनल इयरला लिहायची परवानगी दिली. ते फारसं अवघड नाही. 'पोस्ट' म्हणा, ३४० आलं की मजकूर द्या, टिंबाने सुरू होणाऱ्या ओळींना आता तुम्ही टिंब जोडा, २४० आलं की पोचलं. मी 'आर'च्या जागी वेगळी की ठेवली, आणि पाठवण्याआधी "हे हॉस्टेलबाहेर जाईल. नक्की?" असं विचारून पूर्ण 'हो' टाईप करायला लावलं. त्यानंतर मेस बोर्ड शांत राहिला.

जुना कोड आज जसाच्या तसा चालणार नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये आरएफसी ३९७७ आला. 'एक्सओव्हर'ला आता 'ओव्हर' असं रीतसर रूप आहे, आणि मजकूर यूटीएफ-८ धरावा असं ठरलंय, म्हणजे देवनागरीला कोणाची आडकाठी नाही. बऱ्याच सर्व्हरांना आधी नाव-पासवर्ड लागतो (तसं ४८० उत्तर येतं), आणि ते गुप्त राहावं म्हणून ५६३ पोर्टावर टीएलएसने जोडावं. गर्दीही पूर्वीची नाही. जिथे यूजनेट जन्मलं त्या ड्यूकनेच आपला सर्व्हर २०१० मध्ये बंद केला, आणि गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे संदेश घेणं थांबवलं. तरी मजकुराचे गट चालू आहेत, सर्व्हर चालवणारी हौशी मंडळी आहेत. सरावासाठी तर बाहेरही जायला नको. एका जुन्या पीसीवर लीफनोड किंवा आयएनएन टाका आणि आपल्याच हॉस्टेलचे गट करा.

त्या तिघांना मी पाच संदेश करून दिलेत : एकट्या टिंबाची ओळ असलेला, दोन टिंबांची ओळ असलेला, टिंबाला चिकटून शब्द असलेला, मजकूरच नसलेला, आणि एकच पण दहा हजार अक्षरांची ओळ असलेला. पहिले चार त्यांच्या प्रोग्रामने नीट वाचले. पाचव्याला गेल्या गुरुवारी कोसळला. ओळीचा बफर १०२४चाच आहे, माझ्याच जुन्या कोडमधला. दुरुस्ती चालू आहे. रात्री जेवणानंतर ते बी ब्लॉकच्या कॉमन रूममध्ये बसतात, टेस्टिंगला माणसं हवी आहेत. मेस सेक्रेटरी आले तरी चालतील.